थोरल्याचा बावटा

मंगळवारी दुपारी, जेवणाच्या डब्यांचा वास अजून ऑफिसात रेंगाळत असताना, दीपेशने फॉर्मातल्या एका रकान्यात 'लायबेरिया' असं टाईप केलं आणि त्याची बोटं तिथंच थांबली. शब्द काही नवा नव्हता. दापोड्याच्या त्या गोडाऊनच्या माळ्यावर बसून सात वर्षं तो हेच करत आला होता. खाली भिवंडीच्या कापडाच्या गाठी कंटेनरमध्ये भरल्या जायच्या, कंटेनर न्हावाशेव्याला जायचा, आणि आखातातल्या व्यापाऱ्याची बँक मागायची तो दाखला दीपेश तयार करायचा: जहाजाचं नाव काय, वय किती, बावटा कोणत्या देशाचा. पनामा, लायबेरिया, सायप्रस, माल्टा. जगातली किती जहाजं अशा देशांचे बावटे लावून हिंडतात की त्या देशात मालकाने कधी पाऊलही टाकलेलं नसतं, हे त्याला पाठ होतं. आज थांबायचं कारण वेगळं होतं. वरच्या रकान्यात जहाजाचं नाव होतं 'ओशन वेरिता', आणि ओशन वेरितावर त्याचा धाकटा भाऊ मितेश सेकंड ऑफिसर होता. दीपेशने नाव पुन्हा वाचलं. एकेक अक्षर वाचलं. मग तो खुर्चीत मागे रेलला आणि त्याच्या लक्षात आलं की आपल्याला आनंद झालाय. साधासुधा नाही, शेजाऱ्याच्या नव्या गाडीवर ओरखडा पाहून होतो तसला. गावात, अंजूरच्या नाक्यावर, चहाच्या टपरीवर, लग्नाच्या मांडवात, जिथे माणूस भेटेल तिथे त्याचे वडील केसरीनाथ सांगत फिरत होते की आपला मितेश भारताच्या बोटीवर हाय, बोटीच्या मागं आपला बावटा फडकतो. आणि बोट निघाली लायबेरियाची.

हेवा हा काही ताप नव्हे की गोळी घेतली आणि उतरला. दीपेशच्या अंगात तो इतकी वर्षं मुरला होता की त्याचं त्यालाही ओझं वाटेनासं झालं होतं. मितेश बोटीवर असला की हेवा झोपलेला असायचा. तो सुट्टीवर आला की उठून बसायचा. मितेशच्या बुटांनी दाराशी जागा अडवली की, त्याच्या साबणाचा वास न्हाणीतून बाहेर आला की, आईने पापलेटचा मधला तुकडा न विचारता त्याच्या ताटात टाकला की. बायको करिष्मा मितेशने आणलेलं घड्याळ रोज हातात घालायची आणि वेळ मात्र दीपेशला विचारायची. घड्याळ चालत होतं, तिला सवय नव्हती एवढंच. पण दीपेशला वाटायचं, हे घड्याळ वेळेसाठी नाहीच मुळी. असल्या बारीकसारीक गोष्टींची त्याला लाज वाटे. लाज वाटूनही त्या सुटत नसत. आपण तिसाव्या वर्षी एका घड्याळाशी भांडतोय हे कळणारा माणूस मूर्ख नसतो. पण कळल्याने भांडण थांबतं असंही नाही.

खरं तर दर्यावर आधी जायचं होतं दीपेशनेच. पंच्याण्णव साली त्याचा लेखी परीक्षेत गावात पहिला नंबर होता, इंटरव्ह्यू झाला होता, राहिली होती फक्त मेडिकल. मुंबईतल्या त्या दवाखान्यात डॉक्टरने त्याचे दात पाहिले, छाती फुगवून मोजली, आणि शेवटी एक पुस्तक पुढ्यात उघडलं. पानभर ठिपके. डॉक्टर म्हणाला, आकडा वाच. पहिल्या पानावर बारा होता. तो त्याला दिसला आणि बरं वाटलं. दुसऱ्या पानावर ठिपकेच होते. तिसऱ्यावर ठिपके. डॉक्टर पानं उलटत गेला आणि दीपेश आकडा शोधत राहिला, आटलेल्या विहिरीत वाकून पाहावं तसा. "घरी कोणी सांगितलं नाही का तुला?" डॉक्टरने विचारलं. लाल आणि हिरवा. बोटीच्या एका अंगाला लाल दिवा असतो, दुसऱ्या अंगाला हिरवा, समोरून येणारं जहाज कुठे वळतंय ते त्यावरून कळतं. ज्याला ते कळत नाही त्याला दर्यावर कोण उभं करणार? डॉक्टर काही वाईट बोलला नाही. त्याने शिक्का मारला आणि पुढच्याला बोलावलं. अठरा वर्षं दीपेश या जगात राहिला होता आणि आपण बाकीच्यांपेक्षा वेगळं काही बघतो हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. ठाण्याहून भिवंडीच्या एसटीत बसल्यावर तो खिडकीतून झाडांकडे बघत राहिला. ती त्याला नेहमीसारखीच दिसत होती, आणि नेहमीसारखी म्हणजे कशी हेच आता ठाऊक नव्हतं.

घरी पोचला तेव्हा केसरीनाथ अंगणात जुनं जाळं शिवत बसले होते. जाळ्याचा तेव्हाही काही उपयोग उरला नव्हता. खाडीत मासा नव्हता आणि रेती काढायच्या होड्याही एकेक करून बंद पडत चालल्या होत्या, पण हाताला सवय होती. "काय झालं रं?" त्यांनी विचारलं. आणि दीपेशच्या तोंडून आपोआप निघालं, "मी न्हाय जात बाबा. तुमच्यामागं इथं कोन बगल?" ते वाक्य त्याने जुळवलेलं नव्हतं. नापास झाल्याचं सांगायला तोंड उघडलं आणि निघालं ते हे. केसरीनाथांचे हात थांबले. बापाचे डोळे भरलेले त्याने त्याआधी पाहिले नव्हते. आई हौसा आतून आली आणि तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. त्या क्षणी खरं सांगता आलं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळीही आलं असतं. आठवड्याने मात्र ते गावभर झालं होतं. केसरीनाथचा थोरला, नोकरी हातात आलेली, आईबापासाठी दर्या सोडला त्यानं. लग्नाच्या मांडवात बाप त्याच्या पाठीवर हात ठेवून अनोळखी माणसाला सांगायचा, "ह्यो माजा थोरला. ह्यानं आमच्यासाटी दर्या सोडला." दीपेश मान खाली घालायचा. लोकांना तो विनय वाटायचा.

चार वर्षांनी मितेश त्याच मेडिकलला गेला. त्या सकाळी दीपेश घरातल्या देवापुढे उभा राहिला आणि त्याने मागणं मागितलं की यालाही ठिपकेच दिसू देत. असं कोणी सख्ख्या भावासाठी मागतं का? त्याने मागितलं. मितेश संध्याकाळी हसत परत आला. "पोरखेळ असतो रे दादा. ठिपक्यांचं पुस्तक. लहान मुलं पण वाचतील." दीपेशनेही हसून त्याच्या पाठीवर थाप मारली. मितेश दर्यावर गेला आणि दीपेश दापोड्याला चिकटला. माळ्यावर बसून त्याने जहाजांचे कायदे वाचायला सुरुवात केली. नोकरीला लागत होतं त्याहून कितीतरी जास्त. अठ्ठावन्न सालचा आपला कायदा, त्यातलं बावट्याचं प्रकरण, समुद्राबद्दल देशादेशांत झालेला करार. आपलं व्यापारी जहाज परक्या बंदरात शिरताना आणि बाहेर पडताना बावटा चढवलाच पाहिजे. नौदलाच्या जहाजाने खूण केली तर चढवलाच पाहिजे. एका जहाजाला एकच देश. प्रवासात मध्येच बावटा बदलता येत नाही, मालकी खरोखर बदलली तरच. आणि जे जहाज सोयीप्रमाणे कधी हा, कधी तो असे दोन बावटे लावतं, ते दोन्हींपैकी कोणत्याच देशाचं धरलं जात नाही. हे शेवटचं कलम दीपेशला विशेष आवडायचं. मितेश जहाज चालवत असेल, पण जहाज म्हणजे काय हे आपल्याला कळतं, असं त्याने स्वतःला पटवलं होतं.

रंगांशी त्याने केव्हाच तडजोड केली होती. भिवंडीतल्या सिग्नलचा वरचा दिवा थांबायचा आणि खालचा जायचा. आंबा दाबून घ्यायचा, मिरची नखाने मोडून बघायची. ऑफिसातल्या फायलींवर नावं लिहिलेली असत. करिष्माने नवी साडी नेसून "कशी दिसते?" विचारलं की तो "झकास" म्हणायचा, आणि ती म्हणायची, "तुमचं लक्षच नसतं." सहा वर्षं झाली होती लग्नाला. नवऱ्याला आपल्यात रस नाही असं तिला वाटत आलं होतं, आणि खरं कारण सांगण्यापेक्षा ते बरं, असं त्याला वाटत आलं होतं. डोळ्यांवर भरवसा ठेवायची त्याची सवय अशी हळूहळू मोडली. लिहिलेलं असेल ते खरं.

अंजूरला त्यांचं नवं घर बांधून पुरं होत आलं होतं. खाडीकडच्या शेतावर गोडाऊनं उभी राहिली होती आणि आता शेत नसलेल्या शेतकऱ्याने जसं बांधावं तसं केसरीनाथांनी घर बांधलं होतं: दोन मजले, पुढे खांब, खांबांवर सिमेंटची कमळं, आणि गच्चीवर पाण्याची टाकी. टाकी साधी नव्हती, बोट होती. पुढची टोकदार नाळ, मागची बाजू, धुरांडं, सगळं सिमेंटचं. मितेशने पाठवलेल्या फोटोवरून गवंड्याने ती उभी केली होती आणि पार वळ गावापासून लोक बघून गेले होते. रविवारी वास्तुशांत होती, शनिवारी मितेश येणार होता. टाकीच्या बोटीच्या मागच्या टोकाला लोखंडी नळ उभा करून त्यावर पत्र्याचा बावटा लावायचा राहिला होता. केसरीनाथ जन्मभर रेतीच्या होडीवर होते. त्यांच्या घरात रीत अशी की होडीवरचा बावटा दर नारळी पुनवेला थोरल्या मुलाने लावायचा. होडी गेली तरी रीत होती. त्या मंगळवारी संध्याकाळी दीपेश घरी आला तेव्हा बाप ओट्यावर हाच विषय काढून बसला होता. "मितेशच्या बोटीवर जो आसतो त्यो बावटा काड. आपला तिरंगा."

"मितेशच्या बोटीवर तिरंगा न्हाय, बाबा," दीपेश म्हणाला. हे वाक्य तो दापोड्यापासून तोंडात घोळवत आला होता. "ती बोट लायबेरियाची हाय. आज माज्या हातातून कागद गेला."

"लायबेरिया कुटं आला?"

"आफ्रिकेत."

केसरीनाथ समोरच्या रस्त्याकडे बघत राहिले. कंटेनर भरलेला ट्रेलर गेला, मग दुसरा. "म्हंजे मी गावात सांगतो ते खोटं," ते म्हणाले. दीपेशने त्यांचा चेहरा नीट बघून घेतला. त्याला वाटलं होतं बापाला मितेशचा राग येईल. बापाला स्वतःचीच लाज वाटत होती. तेवढ्याने त्याचा आनंद थोडा नासला. मग त्याने घाईघाईने कायदा सांगितला: बोट ज्या देशात नोंदली त्या देशाचा बावटा, त्यात मितेशचा दोष न्हाय, पण आपली टाकी अंजूरची, मालक अंजूरचा, तेव्हा हिला बावटा भारताचाच लागणार. आणि तोही साधा तिरंगा नव्हे. भारताच्या व्यापारी जहाजाचा बावटा लाल असतो, वरच्या कोपऱ्यात तिरंगा. "मितेशला इचारा पायजे तर," असं म्हणताना त्याला मजा वाटली. केसरीनाथांनी मान डोलावली. "तुला म्हाईत तसं कर. थोरला तू हायेस."

रंगारी चिंधूने पत्रा लाल रंगवून दिला आणि कोपऱ्यात पांढरा चौकोन सोडला. पुढचं मी करतो, असं दीपेशने सांगितलं. चिंधू म्हणाला, "साहेब, दहा मिनटांचं काम हाय माजं." पण दीपेश ऐकेना. त्याला ते स्वतःच्या हाताने करायचं होतं, कारण मितेश उभा राहून ते बघणार होता. भगवा आणि हिरवा घराच्याच कामातला उरलेला होता, कठड्याचा भगवा आणि खिडक्यांच्या गजांचा हिरवा. दोन्ही डबे बाहेरून रंगाने माखलेले, नावं वाचता येतील अशी फक्त झाकणांवर उरली होती. शुक्रवारी अर्धी रजा टाकून दीपेश गच्चीवर बसला. झाकणं वाचली, डबे उघडले, पट्टी लावून रेघा आखल्या. चिंधूने गुरुवारी आवराआवर करताना हाताला जे झाकण आलं ते समोरच्या डब्यावर दाबून बसवलं होतं, आणि रंग दिसणाऱ्या माणसाला त्याने काही फरक पडला नसता. दीपेशला दोन्ही डब्यांत जवळजवळ सारखाच मातकट रंग दिसला, एक जरा उजळ. क्षणभर त्याला वाटलं, कोणाला तरी विचारावं. खाली करिष्मा होती, आई होती. पण विचारायचं म्हणजे काय विचारायचं? हा भगवा आहे ना? झाकणावर भगवा लिहिलं होतं. त्याने वरचा पट्टा रंगवला. निळं चक्र काढायला त्याला एक तास लागला, निळ्यात त्याला कधी अडचण नव्हती, आणि चोवीस आरे त्याने मोजून काढले. वाळल्यावर पत्रा नळावर बसवला आणि करिष्माच्या जुन्या साडीने झाकला. रविवारी पूजा झाली की सगळ्यांसमोर उघडायचा.

शनिवारी अकरा वाजता मितेश टॅक्सीतून उतरला आणि घराचं तोंडच बदललं. माणसं कुठून कुठून जमली. तो आईच्या पाया पडला, बापाच्या पडला, आणि मग दीपेशच्याही पायाशी वाकला. "दादा, बारीक झालास." उन्हाने त्याचा रंग रापला असेल, लोक म्हणत होते काळा पडला, दीपेशला एवढंच दिसलं की खांदे आणखी भरलेत. जेवताना पहिली पंगत मितेशच्या गप्पांत उठली. दीपेश वाढत राहिला. कोणी त्याला बस म्हणालं नाही असं नाही, करिष्मा दोनदा म्हणाली. त्याला घास उतरला नसता. त्याचं सगळं लक्ष गच्चीवर होतं. रविवारपर्यंत थांबायचं ठरलं होतं, पण चार वाजता त्याच्याने राहवेना. सगळ्यांसमोर मितेश नुसता टाळ्या वाजवेल. त्याला मितेशचा चेहरा एकट्याने पाहायचा होता.

"चल वर, टाकी दाखवतो," तो म्हणाला.

गच्चीवर ऊन कलतं झालं होतं. एका अंगाला गोडाऊनांचे पत्रे पार दापोड्यापर्यंत, दुसऱ्या अंगाला खाडीची रेघ. मितेश सिमेंटच्या बोटीभोवती हिंडला, धुरांड्यावर थाप मारून हसला. दीपेश बोलायला लागला आणि थांबेना. "तुझी वेरिता लायबेरियाची आहे, मला कळलं. तू बाबांना सांगितलं नव्हतंस. असू दे. पण इथे आपण कायद्याने केलंय. तिरंगा लावला असता तर चूक होती, व्यापारी बोटीला तो नसतो. बाबांना वाटत होतं तिरंगा लावावा. मी म्हटलं, नाही." बोलता बोलता त्याने साडी ओढून काढली.

मितेश बघत राहिला. काही बोलला नाही. एवढी शांतता दीपेशने भावाच्या तोंडून कधी मिळवली नव्हती, आणि तो ती मनातल्या मनात चाखत राहिला. हरला, त्याला वाटलं. बोटीवर सात वर्षं काढली आणि बावटा मी दाखवला. मग मितेशने जिन्याकडे एक नजर टाकली.

"दादा, हा कोणी रंगवला?"

"मी. सगळा मी."

"खाली कोणी पाहिलाय?"

"उद्या बघतील. का?"

मितेश पत्र्याजवळ सरकला. "उलटा झालाय रे. हिरवा वर गेलाय." त्याने भावाकडे पाहिलं आणि दीपेशला कळलं की आता तो पत्र्याकडे बघत नाहीये, पंच्याण्णव सालाकडे बघतोय. हळूहळू, एकेक पायरी उतरल्यासारखा मितेश तिथे पोचला. "ठिपक्यांचं पुस्तक," तो म्हणाला. "तुला दिसलं नव्हतं."

दीपेशने कोपऱ्यातल्या डब्यांकडे बोट दाखवलं. "झाकणं बदलली असतील," तो म्हणाला.

"दर्यावर असा उलटा बावटा दिसला तर आम्ही वाट सोडून त्या जहाजाकडे जातो. काहीतरी संकट आहे असं समजून."

"नियमात नाही ते आता," दीपेश म्हणाला. "जुनी रीत आहे ती." आणि स्वतःचा आवाज ऐकून त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या. मितेश हसला नाही. त्याने बाही वर सारली, कोपऱ्यातले डबे उघडले, ब्रश रॉकेलमध्ये बुडवला. दहा मिनिटांचं काम, तो म्हणाला, रात्रीत वाळेल, कोणाला कळणार नाही. तो उकिडवा बसला आणि हिरव्यावर भगवा चढवू लागला. दीपेश शेजारी डबा धरून उभा राहिला. दोन डब्यांतला कोणता आपण धरलाय हेही त्याला सांगता आलं नसतं. ज्या माणसाला आपण आत्ता हरवणार होतो त्याच्या हाताखाली आपण उभे आहोत, हे त्याला दिसत होतं, आणि हे बघायला रंग लागत नव्हते. मितेशने एक शब्द वावगा काढला असता तर त्याला आधार झाला असता.

जिन्यावर पावलं वाजली. गुडघे धरत केसरीनाथ वर आले, मागून राघोकाका, त्यांच्याच होडीवर जन्म काढलेले. धाकट्याला आपण स्वतः टाकी दाखवायची म्हणून बाप एवढे जिने चढून आला होता. पत्र्याकडे बघून केसरीनाथ थबकले. वर अर्धा ओला भगवा, अर्धा हिरवा, खाली भगवाच.

"ह्यो काय प्रकार? उलटा तिरंगा? घरावर?"

"माझ्याकडून झालं बाबा," मितेश म्हणाला. ब्रश त्याच्या हातात होताच. "दादाने बरोबर काढला होता. मी म्हटलं रंग जरा उजळ करतो, नि वरखाली केलं. दोन रात्री झोप नाही. आता दादाने दाखवलं, तो म्हणतोय तसा परत करतोय."

केसरीनाथ हसले. सुटल्यासारखे हसले. "बोटीवर काय रं करतोस तू? लोकांच्या बोटी बुडवशील." राघोकाकांनीही मान हलवली. "थोरला त्यो थोरला. बोटीवर न्हाय गेला, पन कायदा त्याच्याच डोक्यात." बापाचा हात सवयीने दीपेशच्या पाठीवर आला आणि तिथे राहिला.

क्षणभर दीपेशला बरं वाटलं. अगदी खरं बरं वाटलं. मग त्याने मितेशकडे पाहिलं. मितेशने डोळा घातला असता, ओठ मुडपले असते, बघ कसं वाचवलं अशी नुसती मान हलवली असती, तरी चाललं असतं. मग हिशेब फिटला असता. पण मितेश त्याच्याकडे बघतही नव्हता. तो खाली मान घालून भगवा चढवत होता, खरोखर आपलीच चूक दुरुस्त केल्यासारखा. याला हेही जमतं, दीपेशला वाटलं. दर्या याचा, पापलेटचा तुकडा याचा, आणि आता माझी अब्रूही याने दिलेली. उद्यापासून बाप पाठीवर हात ठेवेल तो याच्या मेहेरबानीने. हे त्याला सोसवेना. खरेपणाचा काही उमाळा आला म्हणून तो बोलला असं कोणी म्हणेल तर ते खोटं आहे. मितेशकडे एवढं मोठेपण राहू द्यायचं नाही, म्हणून तो बोलला.

"त्यानं न्हाय केला. मी केला," तो म्हणाला. "मना हिरवा नि भगवा कलत न्हाय, बाबा."

"दादा, गप," मितेश म्हणाला.

"कलत न्हाय म्हंजे?"

"दिसत न्हाय. जन्मापास्नं. लाल नि हिरवा पन न्हाय."

राघोकाकांनी तोंड खाडीकडे वळवलं. केसरीनाथांचा हात अजून पाठीवर होता. त्या हातातून दीपेशला कळलं की बाप मोजतोय, मागे मागे जातोय, जाळं शिवत बसलेल्या त्या संध्याकाळपर्यंत. "मंग तवा मेडिकलला..."

"डॉक्टरनं काडला मना."

मितेशच्या ब्रशवरून रंगाचा थेंब लाद्यांवर पडला. खाली मांडवाचे बांबू ठोकत होते.

"म्हंजे तू आमच्यासाटी न्हाय ऱ्हायलास," केसरीनाथ म्हणाले.

त्यांनी विचारलं नव्हतं; नीट समजून घ्यायला मोठ्याने म्हटल्यासारखं ते म्हणाले. दीपेशने आजवर हजार वेळा मनाशी हे पकडलं जाणं बघितलं होतं. प्रत्येक वेळी त्यात लोक हसायचे, मितेश जिंकायचा, आपण पडायचो. बापाचं यात काही जाईल हे त्याच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. अकरा वर्षं तो इथेच होता, हे काही खोटं नव्हतं. गुडघ्याच्या ऑपरेशनला दवाखान्यात सतरा रात्री तोच बसला होता, आईचा दमा उसळला की रिक्षा तोच आणायचा. हे सांगावं असं त्याला वाटलं. पण दर्यावर जाता आलं असतं तर तो त्यातल्या एकाही रात्री इथे नसता, आणि हे आता दोघांनाही ठाऊक झालं होतं. केसरीनाथांनी हात काढून घेतला. रागाने नव्हे. दमलेल्या माणसाने काढावा तसा.

"सगल्या गावाला सांगत आलो मी," ते राघोकाकांना म्हणाले आणि जिन्याकडे वळले. मितेश ब्रश टाकून त्यांना धरायला धावला. त्यांनी त्याचाही हात बाजूला केला. "ऱ्हाऊ दे. उतरता येतं मना." भिंतीचा आधार घेत, एकेक पायरीवर दोन्ही पाय टेकवत ते उतरू लागले, आणि राघोकाका त्यांच्या मागे.

दीपेश डबा धरून तसाच उभा राहिला. मितेश परत येऊन त्याच्याजवळ उभा राहिला, पण त्याने अंगाला हात लावला नाही, आणि त्याबद्दल दीपेशला जन्मात पहिल्यांदा त्याचे आभार मानावेसे वाटले. ते त्याच्याने झालं नाही. खालच्या वळणावर पावलं थांबली. बाप श्वास घेत असावा. मग त्याचा आवाज वर आला, नेहमीचाच, जरा बसलेला.

"मितेश, त्याला घेऊन खाली ये. सकालपास्नं जेवला न्हाय त्यो."

जेवायचं दीपेशलाच होतं, आणि हाक मितेशला होती.